घर उघडं कुणी ठेवायचं?

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांत घटलेली निघाली: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. सिंधुदुर्गात २००१ साली ८ लाख ६८ हजार ८२५ माणसं होती, ती ८ लाख ४९ हजार ६५१ वर आली. दर हजार पुरुषांमागे १,०३६ बायका. कमावता पुरुष मुंबईला आणि घर बाईच्या हाती, ही कोकणातली जुनी व्यवस्था त्या आकड्यातून अजून दिसत होती. मात्र २०२०च्या टाळेबंदीत चाकरमानी गावी परतले, शाळेच्या वर्गांत विलगीकरणात राहिले, आणि त्यातल्या काहींच्या मनात एक विचार घर करून बसला. डोंबिवली, विरार, कळवा इथली चाळिशीतली माणसं आता म्हणतात, गणपतीपुरतं पुरे झालं, कायमचं जाऊन राहू.

या विचारावरून जो वाद होतो तो सिंधुदुर्गातल्या अनेक घरांतून मी ऐकला आहे. इथे तो एका काका-पुतणीच्या तोंडी मांडतो. काका निवृत्त तलाठी, कुडाळ तालुक्यातल्या गावात राहणारे. पुतणी डोंबिवलीत वाढलेली, लग्नानंतरही तिथेच. तिची नोकरी घरून चालते, ऑफिसला क्वचित जावं लागतं. नवरा, चौथीतली मुलगी आणि मधुमेह असलेली सासू असा संसार. काकी दोघांचं ऐकते आहे, पण ती शेवटपर्यंत गप्प राहणार नाही.

पुतणी : काका, मी मे महिन्यातले आंबे खाऊन हे ठरवलेलं नाही. पावसातही आले आहे, थंडीतही. लोकलमधून घरी आलेला नवरा मुलीशी दोन शब्द बोलायच्या अवस्थेत नसतो. आपलं घर इथे कुलूप लावून पडलंय आणि आम्ही तिकडे वन बीएचकेचे हप्ते फेडतोय. हे मला पटत नाही.

काका : तुझं दुखणं खरं आहे. पण त्यावर औषध म्हणून तू जिल्हाच बदलायला निघालीस. इथे स्वस्ताई आहे असं कुणी सांगितलंय? गावच्या घराला भाडं लागणार नाही. पण पर्यटक वाढले तसे मालवणात सुरमई-पापलेटचे भावही चढले. दारात दुचाकी नव्हे, चारचाकी लागेल, कारण संध्याकाळची एसटी चुकली तर कुडाळहून वाडीवर यायला रिक्षावाला मागेल तो आकडा द्यायचा. आणि पहिला प्रश्न हा, की येणार म्हणजे नेमकं कुठे?

पुतणी : कुठे म्हणजे? गावी.

काका : जिल्हा म्हणजे एक गाव नव्हे, गो. इतकी वर्षं सज्जात हिंडलो म्हणून सांगतो. कणकवली व्यापाराची. महामार्गावर आहे, वंदे भारत जिल्ह्यात तिथेच थांबते. दुकान टाकायचं असेल त्याने तिथे जावं. सावंतवाडी संस्थानची राजधानी होती, ती ऐट अजून आहे. मोती तलाव, राजवाडा, चितारआळीतली लाकडी खेळणी, जुनं कॉलेज. पण रेल्वे स्टेशन गावाबाहेर, मळगावात. आणि तिथल्या तरुणांचं तोंड गोव्याकडे, सकाळी दुचाक्यांची रांग पत्रादेवीच्या दिशेने लागते. २०२३च्या जानेवारीपासून गोव्यातल्या मोपा विमानतळावरून विमानं सुरू झाली, तेव्हापासून ती ओढ आणखी वाढली. मालवणला समुद्र आहे, रेल्वे नाही. हंगामात गल्ल्यांतून गाडी निघत नाही आणि पावसाळ्यात अर्धी हॉटेलं बंद. वेंगुर्ला शांत. तिथल्या नगरपालिकेने कचऱ्याचं काम असं केलं की डेपो बघायला बाहेरून लोक येतात. देवगडला आंबा आणि मासळी, ज्याचा त्यात जीव आहे त्याचंच तिथे जमतं. ओरोसला १९८१ साली जिल्हा झाल्यावर सरकारी कचेऱ्या वसवल्या, माणूस वसायला अजून वेळ लागतोय.

पुतणी : आणि कुडाळ?

काका : कुडाळ सोयीचं. गावातच स्टेशन, महामार्गाला लागून, एमआयडीसी, शाळा, दवाखाने. सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ला, कुठेही तासाभरात. तुला यायचंच असेल तर कुडाळात भाड्याची खोली घे. गावातलं घर राहू दे.

इथे मी काकांच्या बाजूने आहे. गावी जायचं म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर कौलारू घर आणि खळं येतं, पण रोजचं जगणं तालुक्याच्या शहरावर चालतं. औषध, बँक, गॅस, मुलांची शिकवणी, चष्म्याची काच, सगळं तिथे. अशी लहान शहरं धडपणे चालली तरच आजूबाजूच्या वाड्यांत माणूस टिकतो. कुडाळ किंवा कणकवलीच्या बाजारपेठेत राहणं म्हणजे गावी परतणं नव्हे, असं मानणाऱ्यांनी ही शहरं नीट पाहिलेलीच नाहीत.

पुतणी : पण मग डोंबिवलीतली खोली सोडून कुडाळातली खोली घेतली, एवढंच झालं. मला माती हवीय, काका. ह्यांनाही बागेत काम करायचंय. आपली काजूची झाडं आहेत, थोडी कलमं आहेत.

काका : आता नवऱ्याला बागायतदार करू नकोस. बाग म्हणजे काय ते ऐक. मोहोर येतो तेव्हा तुडतुडे, फुलकिडी. एकामागून एक फवारण्या. एका फवारणीचा खर्च औषध, मजुरी, पाणी धरून काढलास तर डोळे पांढरे होतील. फेब्रुवारीत अवेळी पाऊस आला की मोहोर काळा. मार्चमध्ये उष्मा वाढला की फळगळ. राखणीला नेपाळी कुटुंब ठेवावं लागतं, कारण गावातला मुलगा गोव्याला गेलाय. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा फायदा पेटी विकणाऱ्याला. झाडाखाली उभ्या माणसाला आधी माकडांशी लढायचंय. ती नारळ ठेवत नाहीत, काजूबोंडं ठेवत नाहीत. तिलारीच्या बाजूला तर हत्ती आहेत, केळीची बाग रात्रीत साफ.

पुतणी : मग काजू. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राच्या जाती सगळा देश लावतो. वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७. आपणच का मागे राहायचं?

काका : लाव. पण पहिली तीन-चार वर्षं त्यातून घर चालेल असं धरू नकोस. तुझ्या पगारावर घर, बागेतून पुढे येईल ते वरकड. असा हिशेब असेल तर माझं काही म्हणणं नाही. बागेवर घर चालवायला निघालेले दोन पावसांत परत जाताना पाहिलेत.

पुतणी : पगार चालू राहील. तेवढ्यासाठी फक्त नेट हवं.

काका : नेट कुडाळात आहे. वाडीवर फोन घेऊन आंब्याखाली उभं राहावं लागतं. आणि लाईट? २०२१च्या मेमध्ये तौक्ते आलं तेव्हा किती दिवस अंधारात होतो ते तुझ्या काकीला विचार. वादळ सोड, जूनच्या पहिल्या झडीला झाड तारेवर पडतं. वायरमन येतोच, बिचारा एकटा पाच गावं सांभाळतो. तोवर तुझी मीटिंग व्हायची राहत नाही.

पुतणी : इन्व्हर्टर बसवेन. त्याला काही मी घाबरत नाही.

काका : आणि सासूबाई?

पुतणी थोडी थांबते. तिच्या मांडणीतली ही सगळ्यात कच्ची जागा, आणि तिलाही ते ठाऊक आहे.

काका : मधुमेहाला गोळी लिहून देणारा डॉक्टर कुडाळात मिळेल, चांगला मिळेल. पण पाय चिघळला, छातीत दुखलं, मेंदूत रक्त साकळलं, तर इथल्या माणसाच्या तोंडून पहिलं वाक्य येतं, बांबोळीला न्या. गोवा मेडिकल कॉलेज. दुसरं राज्य. २०१८ साली त्यांनी बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले होते, इतका आपला जीव त्या इस्पितळावर टांगलाय. आता ओरोसला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालंय, चांगलंच आहे. पण विशेषज्ञांच्या किती जागा भरलेल्या असतात ते एकदा जाऊन बघ, मग बोल.

पुतणी : डोंबिवलीहून संध्याकाळी सहाला केईएम गाठून दाखवा, काका. अॅम्ब्युलन्स कल्याण-शीळ रस्त्यावर उभीच असते.

काका : डोंबिवलीत दोन किलोमीटरवर हृदयाचं मशीन आहे. केईएमला जायची वेळ शंभरातल्या दोघांवर येते. इथे शंभरातल्या पन्नासांवर बांबोळीची वेळ येते.

काकांची टक्केवारी बोलण्याच्या ओघातली आहे, मुद्दा मात्र अचूक आहे. गावाची ओढ कितीही खरी असली तरी तिने रुग्णवाहिकेचं अंतर कमी होत नाही. ज्याच्या घरात म्हातारं किंवा आजारी माणूस आहे त्याने सिंधुदुर्गात घर शोधताना आधी नकाशावर महामार्ग पाहावा, समुद्र नंतर. कुडाळ, झाराप, सावंतवाडी, बांदा या पट्ट्यातून गोवा गाठता येतो. आचऱ्यापलीकडच्या एखाद्या सुंदर खाडीकाठावरून मध्यरात्री निघणं वेगळं. घाट ओलांडून कोल्हापूर गाठायचं म्हटलं तर पावसात दरडी आहेतच.

शाळेचं बोलणं मात्र लवकर मिटतं.

पुतणी : मुलीला मी गावच्या प्राथमिक शाळेत घालायला तयार आहे.

काका : पट किती राहिलाय माहीत आहे? दहाच्या आत. आणखी दोन मुलं गेली तर शाळेवर गंडांतर. तुझी एक मुलगी आली तर गुरुजी पेढे वाटतील. पण तिला सोबतीला मुलं कोण? तिला कुडाळच्या शाळेत घाल. दहावीच्या निकालात कोकण मंडळ वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं, शिकवणारे इथे चांगलेच आहेत. बारावीनंतरचं बारावीनंतर.

पुतणी : म्हणजे बारावीनंतर तीही मुंबईला.

काका : जाऊ दे की. जाऊन परत यायची वाट ठेवा म्हणजे झालं.

पुतणी : तेच तर म्हणतेय! वाट ठेवा. तुम्ही सगळे गावात माणूस राहिला नाही म्हणून हळहळता, आणि कुणी येतो म्हटलं की हत्ती, माकडं, लाईट, बांबोळी मोजून दाखवता. आप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली कणकवलीजवळ गोपुरी उभारली तेव्हा तिथे काय होतं? मैलासफाईचे प्रयोग स्वतःच्या हाताने केले त्यांनी. झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानने गोबर गॅसची कामं केली ती काही मोठं शहर जवळ होतं म्हणून नव्हे. माणसं राहिली म्हणून कामं झाली. माणसं आलीच नाहीत तर ओरोसच्या इस्पितळात डॉक्टर तरी का टिकेल? त्याचीही मुलं शाळेत जातात, त्याच्याही बायकोला काम हवं असतं.

काका : हे बरोबर आहे. पण आप्पासाहेब गेले ते राहायलाच. सासूचं इन्शुलिन आणि ऑनलाइन मीटिंग घेऊन नव्हते गेले. तू म्हणतेस ते जिल्ह्याच्या हिताचं आहे. मी तुझ्या घराचं बघतोय.

पुतणी : मग घराचंच बोलू. आपलं घर चिऱ्याचं आहे, मागची पडवी बसलीय, कौलं उतरवून वासे बदलावे लागतील. ओटी, माजघर, देवाची खोली शाबूत. मला दुरुस्तीची परवानगी द्या. पैसे माझे.

काका : परवानगी देणारा मी कोण? घरपट्टीचा उतारा अजून तुझ्या पणजोबांच्या नावावर. जमिनीच्या सातबाऱ्यावर चाळीसएक नावं, त्यातली अर्धी मयत. विरारला दोन घरं, बडोद्याला एक, एकाचा पत्ता कुणालाच माहीत नाही. बँक अशा घरावर कर्ज देत नाही. तू लाखभर खर्चून वासे बदललेस आणि उद्या विरारवाल्याने हरकत घेतली तर?

पुतणी : वाटप करून घेऊ. महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदार वाटप करतात, हे मी तुमच्याच तोंडून ऐकलंय.

काका : सगळे राजी असतील तर. एकाने मान हलवली नाही की दिवाणी कोर्ट. मग तुझी मुलगी वकील होईल तेव्हा निकाल.

काकी : माका एक सांगा. त्या सातबाऱ्यार हिचा नाव आसा काय?

काका : ...तिचे बाबा वारले तेव्हा वारस नोंद झाली. वहिनीचं नाव लागलं, हिच्या भावाचं लागलं.

पुतणी : आणि माझं?

काका : तुझ्या भावाने लिहून दिलं वारसांत दोघंच म्हणून. तू लग्न होऊन गेलेली. कुणाला त्यात गैर वाटलं नाही. फेरफाराचा कागद माझ्या नजरेखालून गेला होता. मीही बोललो नाही.

हा केवळ या घरातला प्रसंग नाही. गावी परतण्याच्या गोष्टी आपण लिहितो, वाचतो, त्यांत परतणारा बहुधा मुलगा असतो. बायको त्याच्याबरोबर येते. मुलगी स्वतःच्या माहेरच्या गावी, स्वतःच्या हक्काने येऊ पाहते तेव्हा कागदावर ती नसते. कायदा स्पष्ट आहे. वडिलांच्या हिश्शात मुलीला वारसा १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच मिळालेला आहे. वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, तो तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींपुरता होता. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने तो सगळ्या मुलींना मिळाला. वडील २००५ साली हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगून टाकलं. तरीही वारस नोंदीच्या वेळी बहिणीचं नाव गाळलं जातं, किंवा राखीपौर्णिमेच्या आसपास तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलं जातं आणि ती सही करते.

याचा एक परिणाम तर फार थोड्यांच्या ध्यानात येतो. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्या माणसाला महाराष्ट्रात शेतजमीन परवानगीशिवाय विकत घेता येत नाही, आणि तुम्ही शेतकरी आहात हे दाखवायला कचेरीत सातबाराच मागतात. म्हणजे माहेरच्या सातबाऱ्यावर नाव नाही, सासरची जमीन नाही, अशी बाई शेजारच्या गावात पदरच्या पैशांनी दहा गुंठेही घेऊ शकत नाही. मुंबईत फार्महाऊसच्या जाहिराती देणारे दलाल तिला आंबोलीकडची किंवा दोडामार्गची स्वस्त जमीन दाखवतात. आंबोलीत ती कबुलायतदार गावकर प्रश्नात, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या जुन्या वादात, अडकलेली असू शकते, दोडामार्गात वनसंज्ञेत, म्हणजे सरकारदप्तरी लागलेल्या वनाच्या शेऱ्यात. कोकणात घरं रिकामी आहेत पण मोकळी नाहीत. मालक येत नाहीत, आणि येऊ पाहणाऱ्याला आत घेत नाहीत. माणसं परत यावीत असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी इन्व्हर्टर आणि नेटच्या आधी हे कुलूप काढलं पाहिजे. वाडीवर राहणाऱ्या काकांनी, आणि वर्षातून एकदा येणाऱ्या विरारच्या चुलतभावानेही.

पुतणी : काका, तुम्ही मला हत्ती सांगितलेत, हे नाही सांगितलंत.

काका : सांगायला हवं होतं.

काकी : आणखी एक ऐक बाय. घर उघडा ठेवूचा म्हटला तर बाईमाणूस घरात व्हया. गणपतीत मुंबैची माणसा येतली. त्यांचा जेवाण कोणी रांधला, ता तुझ्या काकांक ईचार. हयली कामा संपनत नाय.

पुतणी : काकी, मी नोकरी करणार आहे. गणपतीत सगळ्यांनी मिळून रांधायचं.

काकी : ता आधी लिवून घे.

काका हसत नाहीत. काकीने हे गमतीने म्हटलेलं नाही, हे त्यांना कळतं. गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या देवाधर्माच्या कारभारात, मान पुरुषांचे, पालखी पुरुषांची, गाऱ्हाणं पुरुषाच्या तोंडी. कुळाचार चालतो तो मात्र शेण, पाणी, चूल यांवर. चाकरमान्यांच्या दोन पिढ्या निर्धास्तपणे मुंबईत राहू शकल्या, कारण इथे कुणी काकी होती. तिला कुणी विचारलं नव्हतं की तुला गावी राहायचं आहे का.

पुतणी : मग माझं ठरलं. कुडाळात भाड्याने राहते. मे अखेर येते, म्हणजे मुलीची शाळा इथे सुरू होईल आणि पाऊस सगळा बघता येईल. सासूबाईंची तपासणी आधी डोंबिवलीत पूर्ण करून घेते, डोळे, किडनी, पाय. मूत्रपिंडाचं काही निघालं तर थांबते. ह्यांची नोकरी वर्षभर तिकडेच राहू दे, शनिवार-रविवार तुतारी एक्सप्रेसने येतील.

काका : पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या हळू चालतात. दर शनिवारी जमायचं नाही.

पुतणी : जमेल तेव्हा येतील. आणि माझं नाव?

काका : आईची आणि भावाची हरकत नसेल तर तलाठ्याकडे अर्ज करून नोंद दुरुस्त होईल. भाऊ अडला तर प्रांताकडे अपील. अर्ज मी लिहून देतो. त्यात फेरफार क्रमांक लागेल, तो माझ्याकडे आहे.

पुतणी : आणि वाटपाला तुमची संमती?

काका : विरारवाल्यांची मिळव, माझी घे.

पुतणी : नाही. तुमची पहिली. तुम्ही गावात राहता, तुमची सही बघितली तरच ते करतील. रिकाम्या हाताने गेले तर मला चहा पाजून परत पाठवतील.

काका : तू टिकशील असं मला अजून वाटत नाही, गो. दुसऱ्या पावसात परत जाशील.

पुतणी : गेले तर जाईन. नाव राहील.

काका : ...विहिरीकडची बाजू कुणाला?

काकी : विहीर सामायिक.

काका : विहीर सामायिक, मान्य. पण मागची पडवी आणि तिच्यामागची काजू एका हिश्शात घालावी लागतील, नाहीतर वाट राहत नाही. ते मोजणीनंतर ठरवू. भूमी अभिलेखचा माणूस आता यायचा नाही, दिवाळीनंतर गवत कापलं की बांध दिसतात, तेव्हा आणू. पैसे भरून अर्ज मात्र आधी टाकावा लागतो.

पुतणी : आज टाकू?

काका : आज शनिवार. सोमवारी जाऊ कुडाळला. आधार कार्ड, बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याची नक्कल, आणि तुझा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन ये. माहेरचं नाव त्याच्यावर असतं.